यात्रेत मेणबत्तीचं नंतर बघू, आधी विहीर

गोदाकाठच्या एका गावातून एका तरुणाने विचारलंय. त्यांच्या गावी दर सप्टेंबरात माउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मरियेची यात्रा भरते, दोन दिवसांत आठ-दहा हजार माणूस येतं. गेल्या वर्षी कमिटीने ‘प्लास्टिकमुक्त यात्रा’ असे फ्लेक्स लावले, चाळीस कचरापेट्या ठेवल्या, तीनशे रोपं वाटली. सोमवारी सकाळी बघितलं तर पेट्या निम्म्या रिकाम्या आणि शेजारचं रान पाऊच, पेले, पत्रावळ्यांनी भरलेलं. ज्यांच्या रानात गाड्या लावल्या त्यांनी ‘पुढच्या वर्षी जागा मागायला येऊ नका’ म्हणून सांगितलं. फादर वैतागले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी मेणबत्त्या बंद, दुकानंही बंद. त्यावर म्हातारी माणसं नाराज. आता हा तरुण विचारतोय, की मेणबत्ती खरंच बंद करावी का आणि सुरुवात नेमकी कुठून करावी.

दादा, पहिली गोष्ट म्हणजे फ्लेक्ससुद्धा प्लास्टिकचाच असतो. राग मानू नका, मीही सुरुवातीची तीन वर्षं हेच केलं.

माझं माहेर वसईचं, सासर नाशिकचं. नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात झाली आणि रजा टाकून टाकून गेली बावीस वर्षं लहानमोठ्या यात्रांच्या पाण्याचं आणि स्वच्छतेचं नियोजन बघते आहे. जास्त करून ख्रिस्ती यात्रा, पण दोन-तीन दिंड्यांच्या मुक्कामावरही काम केलंय. विहिरीला कुणाचा धर्म कळत नाही, त्यामुळे काम सगळीकडे सारखंच असतं.

तुमच्या पत्रात कचरा, मेणबत्त्या, दुकानं, रोपं सगळं आहे. एक गोष्ट नाही. आठ-दहा हजार माणसं दोन दिवस येतात, त्यातली काही रात्री राहतात, ती सकाळी जातात कुठे? आणि ती जिथे जातात तिथून गावची पिण्याच्या पाण्याची विहीर किती लांब आहे? मी जिथे जिथे गेले तिथे या प्रश्नावर कमिटी खाली मान घालते. कचरा डोळ्यांना दिसतो, त्याचे फोटो निघतात. हे कुणी बोलत नाही, म्हणून राहून जातं. पण यात्रेने गावाच्या निसर्गाचं सगळ्यात जास्त वाटोळं होतं ते इथे. म्हणून सुरुवात इथून करा, असं माझं सरळ उत्तर.

आता यातलं निम्मं तुमच्या गावच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी कबूल करते. नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा फेब्रुवारीत असते. जमीन कोरडी, हवा कोरडी, रस्ते पक्के, शहराचं गटार जवळ. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात, ऐन पावसाळ्याच्या शेवटी, काळ्या मातीच्या मुलखात. तिथे लाखांनी लोक येतात. एका ठिकाणची व्यवस्था उचलून दुसरीकडे ठेवली तर ती चालत नाही. तुमची यात्रा आकाराने लहान असली तरी माती आणि महिना हरेगावसारखाच, म्हणून मी तोच नमुना डोळ्यापुढे ठेवून लिहिते.

काळी माती ओली झाली की फुगते आणि मग तिच्यातून पाणी खाली उतरतच नाही. तुमची कमिटी खड्डे खणून वर पत्र्याचे आडोसे करत असेल तर सप्टेंबरात ते खड्डे शोषत नाहीत, भरतात आणि एक सर आली की उतू जातात. माझ्या माहेरी याच्या उलट. वसईच्या किनारपट्टीला वाळू. खड्ड्यातलं बघता बघता नाहीसं होतं, लोक खूश. पण ते जातं कुठे? वाडीतल्या विहिरीत, बावखलात. बावखल म्हणजे आमच्याकडची जुनी तळी, पावसाचं पाणी त्यात साठतं आणि जमिनीत मुरतं, त्यावर विहिरी जगतात. त्यातली कितीतरी आता बुजवली गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली तेव्हा मी तरुण होते. झाडांविषयी बोलता बोलता गोष्ट विहिरीपाशी येते, हे मी तिथे शिकले.

तर शौचालयांचा हिशेब असा. मुक्कामाच्या गर्दीला मी ५० माणसांमागे १ धरते. दहा हजारांवर लावलं तर २०० येतात, आणि तेवढी कुठल्याच गावाला जमत नाहीत, म्हणून कमिट्या आकडा बघूनच सोडून देतात. तसं करू नका. रात्री राहणारी माणसं मोजा. समजा दीड हजार असतील तर ३०. त्यातली २२-२३ बायकांसाठी, उरलेली पुरुषांसाठी. हे प्रमाण ऐकून दर वेळी कुणीतरी हसतं. पुरुषांना वेगळी मुतारी उभारून देता येते, ती स्वस्त असते. बायकांना रांगेत उभं राहावं लागलं की त्या उसात जातात, आणि ज्यांना अंधारात उसात जायची भीती वाटते त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. उपास, ऊन आणि पाणी नाही, मग मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, चक्कर येऊन पडतात. आम्ही त्याला भक्तीचा परिणाम समजत होतो!

तुमच्या मातीत खड्ड्यापेक्षा टाकी असलेली फिरती शौचालयं भाड्याने आणा. ती घेताना ठेकेदाराला एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी घ्या: मैल्याची गाडी रिकामी कुठे करणार? नाही विचारलं तर ती गाडी गावाबाहेरच्या पहिल्या ओढ्यापाशी थांबते. जवळच्या नगरपालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्राची परवानगी आधी काढा. खड्डेच करावे लागले तर विहिरीपासून ३० मीटर हे कमीत कमी अंतर, आणि विहीर उताराच्या खालच्या अंगाला असेल तर तेही पुरेसं धरू नका. आपल्याकडे मातीखाली काळा पाषाण, त्याला भेगा. भेगेतून पाणी किती लांब जाईल हे वरून कळत नाही.

पाण्याचं काम यापेक्षा सोपं आहे आणि त्यात खर्च जवळजवळ नाही. गावचा जलसुरक्षक असतो, त्याच्याकडे टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर असते. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम, पावडर जुनी असेल तर जास्त लागते. अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायचं. पाण्याला पिवळा रंग आला तर प्यायला द्यायचं, नाही आला तर पुन्हा पावडर. ही टेस्ट प्रत्येक टँकरची करायची, पहिल्याच टँकरची करून मोकळं व्हायचं नाही. टँकरवाला म्हणेल ‘ताई, फिल्टरचंच पाणी आहे’. हो म्हणायचं आणि टेस्ट करायची.

हे इतकं खोलात सांगते आहे त्याला कारण आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका यात्रेत, गावाचं नाव नको, शौचालयांची जागा मी ठरवली होती. अंतर टेपने मोजलं होतं, उतार बघितला नव्हता. शनिवारी रात्री पाऊस झाला. पुढच्या आठवड्यात त्या आळीत जुलाबाची साथ आली. कुणी दगावलं नाही, आणि कुणी मला काही बोललंही नाही. त्या वर्षी आम्ही रोपंही वाटली होती.

आता कचऱ्याकडे येते. तुमच्या पेट्या निम्म्या रिकाम्या का राहिल्या? कारण त्या कमानीपाशी आणि मंडपाच्या खांबाला होत्या, आणि लोक जेवायला रानात, झाडाखाली, टेम्पोच्या सावलीत बसले होते. मूल मांडीवर, डबा उघडलेला, पाऊस येईल की काय ही धास्ती. कोण उठून दोनशे पावलं चालत पेटीपर्यंत जाणार? पेटीपेक्षा पोतं घेऊन फिरणारा माणूस बरा. दोन पोती, एकात उष्टं, दुसऱ्यात कोरडं, आणि तोंडाने ‘माउली, द्या इकडे’. युवक मंडळाची वीस पोरं-पोरी तासातासाच्या पाळ्यांनी फिरली की चाळीस पेट्यांपेक्षा जास्त काम होतं. पेट्या ठेवायच्याच असतील तर दुकानांपाशी ठेवा.

पण हेही झालं कचरा आल्यानंतरचं. तो येतो कुठून ते एकदा बघा. मी एका यात्रेत सकाळपासून दुपारपर्यंत कमानीपाशी खुर्ची टाकून बसले आणि वहीत नोंद केली, कोण काय घेऊन आत येतंय. भाविक आणतात डबा, पाण्याची बाटली, मेणबत्त्या, हार. दुकानदार आणतात ते ठरलेलं असतं. सगळ्यात जास्त येतं ते वाटणाऱ्यांच्या टेम्पोतून! कुणाचा नवस फेडायचा असतो, कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध असतं, कुणाला मुलगा झालेला असतो. मग पाण्याचे पाऊच, सरबताचे पेले, उपम्याच्या द्रोणांसोबत प्लास्टिकचे चमचे. सगळं फुकट, म्हणून लोक एकाऐवजी दोन घेतात आणि अर्धं टाकतात. पायी येणाऱ्यांच्या वाटेवरही हेच. प्रत्येक फाट्यावर कुणीतरी प्रेमाने काहीतरी देत असतं, आणि पुढच्या शंभर पावलांवर त्याचे पेले पडलेले असतात.

या माणसांना रागावून चालत नाही, कारण ती चुकीचं काही करत नाहीत. म्हणून आम्ही त्यांची नोंदणी सुरू केली. वाटप करायचं असेल तर ऑगस्टमध्ये कमिटीकडे नाव द्यायचं, काय वाटणार आणि कशात वाटणार ते सांगायचं, तुम्हाला जागा आम्ही देणार. त्या जागेच्या चारही बाजूंचे पन्नास पावलं रान तुमचं. एक गंमत सांगते. मिस्सेनंतर देणगीदारांची नावं वाचतात, ती आम्ही समारोपाच्या मिस्सेला नेली आणि ज्याची जागा साफ झाली नाही त्याचं नाव मागे ठेवलं. फादरांनी हे फार शांतपणे केलं, कुणाचा पाणउतारा केला नाही. पण दुसऱ्या वर्षी देणगीदार स्वतःची दोन माणसं पोतं घेऊन उभी करू लागले.

कशात वाटावं, यावर मी स्वतः फसलेली आहे. प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे आणि थर्माकोलच्या वस्तू महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंद आहेत, म्हणून मी मोठ्या हौसेने कागदी पेले मागवले. त्या पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळेल. पावसात त्यांचा लगदा झाला, तो वेचता येईना, वेचला तर कुणी भंगारवाला घेईना. त्यापेक्षा आपली पळसाची पत्रावळ आणि द्रोण बरे. उष्ट्यासकट खड्ड्यात गेले तरी चालतात. पाण्यासाठी टाकीला नळांची पट्टी लावा, नळ दोन उंचीवर, म्हणजे पोरांनाही हात पोचतो. बाटली नाही त्याला साखळीचा स्टीलचा पेला. ‘उष्टा पेला नको’ म्हणणारे निघतातच, त्यांना ओंजळ आहे. आमच्या आज्या कुठे पाऊच घेऊन यात्रेला जात होत्या?

उपदेशात काय सांगावं असं फादर विचारतात तेव्हा मी योहानाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय काढून देते. पाच भाकरी, दोन मासे, पाच हजार पुरुष गवतावर बसलेले. चमत्कार सगळ्यांना पाठ असतो. पण सगळे जेवून तृप्त झाल्यावर येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि बारा टोपल्या भरतात. म्हणजे गवतावर बसलेल्या त्या जेवणाची आवराआवर स्वतः शिष्यांनी केली. मी हे सांगितलं की म्हातारी माणसं माना डोलावतात. ‘पर्यावरण’ म्हटलं की त्यांना सरकारी योजना आल्यासारखं वाटतं, ‘बारा टोपल्या’ म्हटलं की कळतं. पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक मे २०१५ मधलं, तेव्हापासून धर्मप्रांतांतून सृष्टीच्या जपणुकीवर बरंच बोललं जातंय. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, संत फ्रान्सिस असिसीकरांच्या सणापर्यंत, हा काळ खास त्यासाठी पाळला जातो. माउलीचा ८ सप्टेंबरचा सण बरोबर त्यात येतो. तुमच्या फादरांना वेगळं निमित्त शोधायची गरज नाही.

शेतकऱ्याचा राग. तुम्ही तो कचऱ्यामुळे आहे असं लिहिलंत. थोडा असेलही, काचा आणि पाऊच नांगराखाली गेले की वर्षानुवर्षं वर येत राहतात, आणि उष्टं लागलेल्या पिशव्या गाई खातात. पण माझा अंदाज वेगळा आहे. तुमच्याकडे काळ्या रानात बरेच जण खरिपात जमीन मोकळी ठेवून रब्बीची ज्वारी करतात, आणि तिची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून. म्हणजे ज्या रानात त्यांनी पावसाची ओल जपून ठेवली, कुळवाच्या पाळ्या घालून जमीन भुसभुशीत केली, त्यात पेरणीच्या आठवडाभर आधी तुम्ही दोनशे टेम्पो उभे केले. ओल्या काळ्या मातीवर चाक फिरलं की ती चोपून विटेसारखी होते. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती नांगरण्याजोगी सुकेपर्यंत थांबा, मग नांगरा, मग ढेकळं फोडा; तोवर पेरणीची वेळ टळते. हे नुकसान यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दिसत नाही, म्हणून कमिटीला ते माहीतच नसतं. गाड्यांसाठी मुरमाड जागा, शाळेचं मैदान, साखर कारखान्याचा किंवा बाजार समितीचा पक्का तळ बघा. दीड-दोन किलोमीटर लांब असला तरी चालेल. यात्रेला आलेलं माणूस तेवढं चालतं, आजारी आणि वृद्धांसाठी दोन रिक्षा ठेवा. नाईलाजाने रानच घ्यावं लागलं तर ट्रॅक्टरच्या नांगरटीचे पैसे कमिटीने आधीच हातात द्यावेत.

गाड्यांवरूनच एक. धूर आणि इंधन यांचा हिशेब मांडायचा झाला तर तुमच्या सगळ्या मेणबत्त्या एका पारड्यात आणि येणारे टेम्पो दुसऱ्या पारड्यात टाका, टेम्पो कितीतरी जड भरतील. एसटीच्या आगाराला जुलैत पत्र दिलं तर जादा गाड्या मिळू शकतात. पायी येणारे तर आहेतच, त्यांच्या वाटेवर सावली आणि पाणी असलं की ते वाढतात. याहून जास्त या बाबतीत एका गावच्या कमिटीच्या हातात नाही, उगाच ओझं घेऊ नका.

आता मेणबत्ती. तुमचा मुख्य प्रश्न हाच होता आणि मी तो इतका वेळ लांबवला.

बंद करू नका. ज्या बाईने पोराच्या आजारपणात माउलीला मेणबत्ती बोलली, तिला कमानीपाशी अडवून ‘मेणबत्ती नको, पर्यावरण’ असं सांगणं मला जमलेलं नाही, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्याकडे मेणबत्त्या कुंपणाच्या भिंतीवर, झाडाच्या बुंध्याशी, शेजारच्या गंजीजवळ लागल्या. म्हणजे धोका वाढला. मुंबईत वांद्र्याच्या मोतमाउलीला बघा, ८ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यात तिथे जत्रा असते. मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं वाहतात. गुडघा दुखत असेल तर मेणाचा पाय. आमच्या घरात माझ्या मावशीने मेणाचं घर वाहिलं होतं आणि तिला विरारला खोली मिळाली, त्यामुळे या विषयावर घरात बोलायची सोय नाही. पण त्या वस्तूत एक गोष्ट चांगली आहे: ती जाळत नाहीत, वितळवता येते. मेण म्हणजे बहुतेक ठिकाणी पॅराफिन, खनिज तेलातून निघणारं. वाया घालवण्यासारखं नाही, आणि गटारात गेलं की थिजून गटार बंद पाडतं.

आम्ही काय करतो ते सांगते. मेणबत्त्यांची जागा देवळाच्या भिंतीपासून आणि झाडांपासून लांब, वर उंच पत्रा, बाजू उघड्या. खाली लोखंडी परात, तिच्यात दोन बोटं पाणी, वर जाळी आणि खिळ्यांच्या रांगा. मेण पाण्यात पडून वड्या होतात, हाताने उचलता येतात. आधी आम्ही वाळू भरली होती, ती चूक. मेण आणि वाळू एक होऊन जातात आणि ते ना वाळूच्या कामाचं, ना मेणाच्या. एक सावधगिरी: परातीत साठलेल्या मेणाने पेट घेतला तर वरून पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. झाकण टाकायचं किंवा वाळूची बादली. हे सेवेकऱ्यांना आदल्या दिवशी करून दाखवा, नुसतं सांगून भागत नाही.

गर्दीत दुसरी अडचण येते. भाविक मेणबत्ती लावतो, डोळे मिटतो, आणि त्याने पाठ फिरवायच्या आत सेवेकरी ती विझवून काढतो, मागच्याला जागा हवी म्हणून. लोकांना ते दिसतं आणि मनाला लागतं. मग ते चोरून दुसरीकडे लावतात. यावर आम्ही हळूहळू असं केलं, की घरटी एकच मेणबत्ती पेटवायची, बाकीच्या वेदीजवळच्या टोपलीत वाहायच्या. वाहिलेल्या मेणबत्त्या वर्षभर चर्चमध्ये, गावातल्या क्रूसांपाशी, मयताच्या प्रार्थनेला जळतात. ‘तुमची मेणबत्ती नाताळच्या रात्री पेटेल’ असं म्हातारीला सांगितलं तर तिला ते आवडतं, कारण नवस वाया गेला नाही. वड्यांचं मेण आम्ही एका मेणबत्तीवाल्याला देतो, तो त्यातून पुन्हा साध्या मेणबत्त्या करून देतो. रंगीत आणि चमकी लावलेल्या मेणबत्त्या मात्र दुकानदारांना आणू देऊ नका, त्यांचं मेण वेगळं ठेवावं लागतं. फ्रान्सात लूर्दला गुहेजवळ मेणबत्त्यांची प्रचंड गर्दी व्हायची, त्यांनी मेणबत्त्यांची जागा नदीपलीकडे नेली. लोक चालत पूल ओलांडून जातात. तेव्हा जागा हलवली तर भक्ती कमी होईल ही भीती बाळगू नका.

हारांचं सोपं आहे. झेंडू, शेवंती चालेल, प्लास्टिकची फुलं आणि जरीची झालर नाही. फुलं दोऱ्यापासून सोडवून खड्ड्यात, एक थर फुलांचा, एक थर उसाच्या पाचटाचा. तुमच्याकडे पाचटाची काय वानवा? लोक ते पेटवून देतात, ते मागून आणा. नुसती ओली फुलं टाकलीत तर ती कुजून वास मारतील आणि तुमच्या खताची बदनामी होईल.

रोपांबद्दल स्पष्ट लिहिते. सप्टेंबरात वाटलेलं रोप पिशवीतच उन्हाळा बघतं. पाऊस संपत आलेला असतो, भाविक शंभर किलोमीटरवरून आलेला, ते रोप टेम्पोत आडवं पडून घरी जातं. तीनशे रोपं वाटण्यापेक्षा जूनमध्ये पायवाटेच्या कडेने तीस लावा. कडुनिंब, करंज, चिंच, उंबर, वड. काट्याचं कुंपण करा आणि प्रत्येक झाड एका घराला द्या, तीन उन्हाळे पाणी घालायचं या बोलीवर. इथिओपियात जुन्या चर्चभोवती राखलेली राई असते, आजूबाजूचं सगळं रान शेतीखाली गेलं तरी तेवढी राहिली, आणि गुरं शिरू नयेत म्हणून लोकांनी तिला दगडी गडगे घातले. आपल्याला हे समजवायला नको, सह्याद्रीत देवराया आहेतच. तुमच्या चर्चच्या आवारात एखादी जुनी चिंच असेल तर तिच्या बुंध्याला लागून पेव्हर ब्लॉक बसवू नका. बसवले असतील तर चारही बाजूंनी हातभर तरी उखडा. माझ्या मते यात्रास्थळांवर गेल्या वीस वर्षांत झाडांचं सगळ्यात मोठं नुकसान देणगीतून आलेल्या पेव्हर ब्लॉकने केलंय, पण त्यावर देणगीदाराचं नाव कोरलेलं असतं, म्हणून कुणी बोलत नाही.

कामाचा क्रम विचारलात तर तो असा. आत्ता विहीर आणि उतार बघून शौचालयांच्या जागा ठरवा. जूनमध्ये झाडं. जुलैत एसटी, नगरपालिका आणि गाडीतळाची पत्रं. ऑगस्टमध्ये वाटप करणाऱ्यांची नोंदणी आणि दुकानदारांची बैठक; मेणबत्तीचं ज्या वर्षी हातात घ्याल त्या वर्षी पराती लोहाराकडे. यात्रेत पोती आणि ओटी टेस्ट. सगळं एका वर्षात होणार नाही. पहिल्या वर्षी शौचालयं, पाणी आणि गाडीतळ झाला तरी मी म्हणेन झालं. मेणबत्तीला हात तिसऱ्या वर्षी लावा, तोवर लोकांचा तुमच्यावर भरवसा बसलेला असेल.

फादरांशी बोलताना ‘बंदी नको’ असं म्हणून सुरुवात करू नका. ते वैतागलेत ते सोमवारी सकाळी आवार झाडायला तेच आणि सिस्टर उरतात म्हणून. सोमवारची माणसं आधी ठरवा, नावानिशी, मग त्यांच्याकडे जा.

आणि त्या शेतकऱ्याकडे पुढच्या सप्टेंबरची वाट बघू नका. याच आठवड्यात जा, दोन पोरं आणि दोन पोती बरोबर घेऊन. जागेचा विषय काढू नका. गेल्या यात्रेच्या काचा बांधाच्या कडेला अजून असतील.